स्मॉल प्रेस एक्स्पो, मेरीलँड: दोन दिवसांत नवे कलाकार शोधायचे कसे?

घडीवही

सप्टेंबरात ऑफिसच्या कामासाठी उत्तर व्हर्जिनियात असणार आहे आणि मधला शनिवार-रविवार नेमका एसपीएक्सचा, म्हणजे स्मॉल प्रेस एक्स्पो या स्वतंत्र कॉमिक्सच्या प्रदर्शनाचा आहे. मोठ्या प्रकाशकांची कॉमिक्स इथे बसूनही मागवता येतात, ती नकोत. स्वतः काढून, स्वतः छापून, स्वतः पिना मारून विकणारी मंडळी बघायची आहेत. साइटवरची यादी उघडली तर शेकडो नावं आणि त्यातली ओळखीची जेमतेम चार-पाच. सुरुवात कुठून करावी? खर्चायला दीडशे डॉलर आहेत, त्यातले रोख किती ठेवू? परत येताना एवढा कागद सामानात कसा आणायचा आणि मुंबईच्या पावसाळ्यात टिकवायचा कसा? शिवाय माझं एक सोळा पानी मराठी मिनी (घरी केलेलं छोटं कॉमिक) आहे. त्याच्या प्रती सोबत नेल्या तर चालेल का?

रॉकव्हिलकर

आधी पोचण्याचं सांगतो. प्रदर्शन बेथेस्डा नॉर्थ मॅरियट हॉटेलच्या कॉन्फरन्स सेंटरमध्ये भरतं. व्हर्जिनियातून सिल्व्हर किंवा ऑरेंज लाइनने मेट्रो सेंटर गाठा, तिथे शेडी ग्रोव्हच्या दिशेची रेड लाइन घ्या आणि नॉर्थ बेथेस्डाला उतरा. हॉटेल स्टेशनपासून पायी काही मिनिटांवर आहे. जुन्या लेखांत हेच स्टेशन 'व्हाइट फ्लिंट' नावाने सापडेल, २०२२ मध्ये नाव बदललं. नुसत्या 'बेथेस्डा' नावाचं स्टेशन आधी लागतं. तिथे उतरू नका, आपलं त्याच्यापुढे तिसरं. शनिवार-रविवारी मेट्रो रुळांची कामं काढते आणि गाड्या विरळ होतात, म्हणून शुक्रवारी रात्रीच सूचना बघून ठेवा. मेट्रोचं स्मार्टट्रिप कार्ड फोनमध्ये घेता येतं.

आजवरची वेळ शनिवारी ११ ते ७ आणि रविवारी १२ ते ६ अशी असते. यंदाची साइटवर ताडून घ्या.

पैशांचं. भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन ते चालू करा. परदेशात कार्ड यंत्राला टेकवून पैसे देण्याचा, म्हणजे टॅपचा, खटका बऱ्याच अॅपमध्ये वेगळा असतो, तोही चालू करा. नाहीतर टेबलासमोर कार्ड नाकारलं जातं, मागे रांग ताटकळते आणि कारण कुणालाच कळत नाही. बहुतेक टेबलांवर फोनला जोडलेला छोटा कार्ड रीडर असतो. जिथे फक्त 'व्हेन्मो' या पैसे पाठवायच्या अमेरिकन सोयीचा क्यूआर लावलेला दिसेल तिथे आपली पंचाईत, कारण त्याला अमेरिकन फोन नंबर आणि तिथलं बँक खातं लागतं. अशा टेबलासाठी रोख.

दीडशेपैकी साठ-सत्तर रोख ठेवा आणि तेही सुटे: पाचच्या आठ नोटा, एकच्या दहा, उरलेल्या दहाच्या. एटीएम वीसच्या नोटा देतं आणि शनिवारी अकरा वाजता प्रत्येकजण वीसचीच नोट पुढे करतो, त्यामुळे पहिल्या तासात सगळ्या टेबलांवर सुट्या पैशांची बोंब असते. सकाळी दुकानात पाण्याची बाटली घेऊन एक वीसची मोडा. मेरीलँडचा विक्रीकर ६ टक्के आहे, पण बहुतेक छोटे विक्रेते तो किमतीत धरूनच गोल आकडा लिहितात.

हा मुहूर्त बरेचदा गणपतीच्या दिवसांत येतो. इकडे कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्या मंडळाचा कार्यक्रमही त्याच शनिवारी निघेल. आधीच विचारून घ्या, नाहीतर एक अख्खा दिवस तिकडे जाईल.

निळी_शाई

मुख्य प्रश्न कलाकार शोधण्याचा आहे, तर त्यावर जरा सविस्तर.

एसपीएक्स १९९४ पासून आहे आणि सुपरहिरोंच्या कन्व्हेन्शनशी त्याचं काही नातं नाही. हॉलमध्ये ढोबळ तीन थर असतात. एक, फँटाग्राफिक्स किंवा ड्रॉन अँड क्वार्टर्ली यांच्यासारखे नावाजलेले स्वतंत्र प्रकाशक. त्यांची पुस्तकं वर्षभर कुठूनही मागवता येतात, तिथे सहीसाठी थांबा, पण बजेट तिथे उडवू नका. दोन, दोन-तीन माणसांची छोटी प्रकाशनं. तीन, अर्ध्या टेबलावर एकटा कलाकार. तुमचा वेळ आणि पैसा या तिसऱ्या थरासाठी आहे. त्यांच्याकडचा माल बरेचदा पन्नास-शंभर प्रतींचा असतो आणि त्या संपल्या की पुन्हा छापल्या जातीलच असं नाही.

जाण्याआधी एक संध्याकाळ द्या. शेकडो नावं एकेक करून उघडत बसू नका. इग्नाट्झ पुरस्काराची नामांकनं प्रदर्शनाआधी जाहीर होतात. पाच व्यंगचित्रकारांची समिती ती निवडते आणि अंतिम मत प्रदर्शनाला येणारे लोक देतात. १९९७ पासूनचा पुरस्कार आहे आणि विजेत्याला खरोखरची वीट मिळते, कारण हे नाव जॉर्ज हेरिमनच्या 'क्रेझी कॅट' या कॉमिकमधल्या वीट फेकणाऱ्या उंदराचं आहे. यादीतले फक्त दोन विभाग बघा: 'आउटस्टँडिंग मिनीकॉमिक' आणि 'प्रॉमिसिंग न्यू टॅलेंट'. तेवढ्यातून दहाएक नावं मिळतात. मग हॉलचा नकाशा घ्या, त्यांची टेबलं पेनाने गोल करा आणि नकाशा कागदावर छापून न्या. गर्दीत फोनवर नकाशा मोठा करत चालणारा माणूस हमखास कुणाच्या तरी टेबलाला धडकतो.

शनिवारी पहिली फेरी काहीही विकत न घेता मारा. भिंतीकडची टेबलं आधी, मग मधल्या रांगा, प्रत्येक रांगेची एकच बाजू धरून. दोन्हीकडे बघत झिगझॅग चाललं की निम्मी टेबलं सुटतात. आवडलेल्या टेबलाचा नंबर आणि एक शब्द लिहा: 'बेडूक', 'निळा रंग', 'आजीवालं', काहीही. तीन तासांनी नावं आठवत नाहीत, चित्र आठवतं. याला अपवाद एकच. टेबलावर एखाद्या मिनीच्या तीन-चारच प्रती उरलेल्या दिसल्या तर तिथल्या तिथे घ्या.

हातात घेतल्यावर काय बघायचं? मुखपृष्ठावर जाऊ नका, त्यावर सगळेच मेहनत घेतात. थेट मधली जोडपानं उघडा. पिना मारलेल्या अंकात तिथे अख्खा कागद एकसंध असतो आणि कलाकाराने त्याचा काही विचार केलाय का ते लगेच कळतं. मग कुठलंही एक साधं पान घ्या, दोन माणसं नुसती बोलताहेत असं. संवादांचे फुगे कुठल्या क्रमाने वाचायचे हे अडखळल्याशिवाय कळलं तर कलाकाराला कॉमिक कळतं. लेटरिंग बघाच. चित्रं देखणी आणि अक्षरं कुठल्यातरी फॉन्टमधून उचलून चिकटवलेली, असं दिसलं तर मी ते खाली ठेवते. माझं मत कडक आहे, मान्य, पण सोळा पानं हाताने लिहायचा ज्याला कंटाळा त्याने कथेतही कुठेतरी अंग चोरलेलं असतं.

टेबलासमोर उभं राहून चाळायला हरकत नसते, पण अख्खं मिनी वाचून परत ठेवू नका. मागे कुणी आलं तर बाजूला सरका. बोलायचं कसं याची धास्ती नको. 'यातलं नवीन कुठलं?' आणि 'तुमचं काम पहिल्यांदाच बघतोय, कुठून सुरू करू?' एवढे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्याचं उत्तर बरेचदा सगळ्यात महागडं पुस्तक नसून पाच डॉलरचं मिनी असतं. पानांचे फोटो काढू नका, टेबलाचा काढायचा तर विचारून. न घेता निघालात तरी कुणी राग मानत नाही, 'थँक यू' म्हणून पुढे चला.

सगळ्यात स्वस्त शोधयंत्र म्हणजे संकलनं. एका अंकात दहा-वीस जणांची चार-चार पानं असतात. शनिवारी दुपारी असं एक घ्या, बाहेर बसून वाचा, आवडलेल्या दोघा-तिघांची नावं नकाशावर शोधा. त्यातलं कुणी ना कुणी त्याच हॉलमध्ये बसलेलं असण्याची शक्यता चांगली असते. तसंच व्हरमाँटच्या सेंटर फॉर कार्टून स्टडीजच्या विद्यार्थ्यांचं टेबल शोधा. तिथे एका जागी बऱ्याच जणांची पहिली-दुसरी मिनी मिळतात, कच्ची पण जिवंत.

किमतींचा साधारण अंदाज असा: झेरॉक्सवरचं ८ ते १६ पानी काळं-पांढरं मिनी ३ ते ६ डॉलर, रिसोवर (स्टेन्सिलच्या छपाईयंत्रावर) छापलेलं २४ ते ४० पानी १० ते २०, छोट्या प्रकाशनाचं जाड पुस्तक २० ते ३०. दीडशेत मी ऐंशी मिनींना देईन, चाळीस दोन-तीन रिसो अंकांना आणि तीस रविवारसाठी राखून ठेवीन. मिनी शनिवारी घ्या, कारण संपतात. जाड पुस्तकं रविवारी दुपारनंतर. परत वाहून न्यायचा कंटाळा आलेले लोक तेव्हा किमती उतरवतात.

आणि एक गोष्ट फार जण विसरतात. पुष्कळ मिनींवर कलाकाराचं नावच नसतं, किंवा नुसतं टोपणनाव असतं. घेतल्याक्षणी टेबलावरचं कार्ड उचलून त्या अंकात सरकवा. कार्ड नसेल तर चिठ्ठीवर नाव आणि टेबल नंबर. घरी आल्यावर निनावी अंकांचा गठ्ठा समोर पडला की कुणाचं काय ते कधीच लागत नाही.

चर्चासत्रांना जाऊ नका. बरीचशी नंतर एसपीएक्सच्या यूट्यूब चॅनेलवर येतात.

रॉकव्हिलकर

शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. दिवसभर फ्लोरवर उभं राहून दुपारी तीनच्या सुमाराला डोळे काम करेनासे होतात, सगळी मिनी सारखीच दिसायला लागतात. तेव्हा तासभर एखाद्या सत्रात बसणं ही विश्रांतीच आहे, वेगळे पैसेही पडत नाहीत. फक्त ओळखीच्या मोठ्या नावाचं निवडू नका, त्याला रांग असते.

घडीवही

दोघांचेही आभार. रिसो म्हणजे त्या फ्लुओरेसंट गुलाबीवाल्या छपाईबद्दल बोलताय ना? ती आणि साधी झेरॉक्स टेबलावर कशी ओळखायची? आणि टिकवण्याचं कुणी सांगेल का?

जुळारी_पुणे

हो, तीच. रिसोग्राफ म्हणजे दिसायला कॉपियर, पण आत स्टेन्सिल. प्रत्येक रंगासाठी वेगळा मास्टर, म्हणजे ते स्टेन्सिल, कापला जातो, तो त्या रंगाच्या ड्रमवर गुंडाळला जातो आणि शाई त्यातून कागदावर उतरते. तीन रंग असतील तर तीन छाप. मशीनमध्ये एकच ड्रम असेल तर तोच कागद तीनदा आत जातो आणि दर वेळी केसभर इकडेतिकडे सरकतो. म्हणून कडांना रंग थोडे हललेले दिसतात. एवढं हलणं या छपाईत धरलेलंच असतं. पण अक्षरं दोन रंग एकावर एक चढवून छापली असतील आणि ती दुहेरी दिसत असतील तर आखणीच चुकली आहे. जाणकार अक्षरं नेहमी एकाच गडद रंगात ठेवतो.

ओळखायचं असं. पान तिरकं धरून उजेडात बघा. लेझर झेरॉक्सची काळी जागा किंचित चमकते, कारण टोनर हे वितळवून चिकटवलेलं प्लास्टिक असतं. रिसोची शाई मॅट दिसते, कागदात मुरलेली. आता मोठ्या भरीव रंगावर कोरडं बोट हलकेच फिरवा, विक्रेत्याच्या नमुना प्रतीवर, विकायच्या प्रतीवर नव्हे. रंग बोटाला लागला तर रिसो. ही शाई सोयाबीन किंवा तांदळाच्या कोंड्याच्या तेलाची असते, उष्णतेने पक्की केलेली नसते, आणि पूर्ण कोरडी अशी ती होतच नाही.

त्यामुळे होणारे घोळ: समोरासमोरच्या पानांवर रंग उमटतो, घामट बोटांचे ठसे बसतात, आणि गुलाबी उन्हात उडतो. फ्लुओरेसंट गुलाबी सगळ्यात आधी फिका पडतो, तो भिंतीवर लावायचा तर खिडकीसमोर नको.

बांधणीही बघून घ्या. अंक उलटा धरून कण्याकडे बघा. पिना बरोबर घडीवर असायला हव्यात. घडीपासून मिलिमीटरभर जरी सरकल्या तरी अंक नीट उघडत नाही आणि चार वेळा वाचल्यावर मधला कागद पिनेपाशी फाटतो. टोनरचं गडद मुखपृष्ठ जाड कागदावर असेल तर घडीवर पांढरी भेग दिसते. आधी घडीची रेघ दाबून न घेता सरळ दुमडलं की टोनर तडकतो. दिसायला वाईट, टिकायला फारसा फरक नाही. गोंदाने चिकटवलेला बारीक कणा असेल तर मात्र मधोमध उघडून कान द्या. कर्र असा आवाज आला तर ती पानं मुंबईच्या दुसऱ्या पावसाळ्यात सुटतील.

आता आणण्याचं. वजनाची फार धास्ती घेऊ नका. अमेरिकन लेटर साइझचा ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला ७५ ग्रॅम) एक कागद साडेचार ग्रॅमचा. एका कागदाची चार पानं, म्हणजे ३२ पानी मिनी आठ कागदांचं, ३६ ग्रॅम. जाड मुखपृष्ठ धरून ४५ म्हणा. पन्नास मिनी जेमतेम सव्वादोन किलो होतात. वजन खातात ती पुठ्ठ्याच्या बांधणीची पुस्तकं, दोनशे पानी एक सहज पाऊण किलो भरतं.

नालीदार खोक्याचा पुठ्ठा साडेनऊ बाय साडेसहा इंच कापून दोन तुकडे करा, मध्ये वीस-पंचवीस मिनी, एकाआड एक कणा डावीकडे-उजवीकडे ठेवून, म्हणजे गठ्ठा एका बाजूला फुगत नाही. रिसोच्या प्रत्येक अंकाला बटर पेपरमध्ये गुंडाळा. गठ्ठ्याला रबर लावू नका, कडा दबतात. कागदी टेप पुठ्ठ्यावरून लावा. हा गठ्ठा सूटकेसच्या तळाला न ठेवता कपड्यांच्या मध्ये, आडवा. मोठे ११ बाय १७ चे प्रिंट गुंडाळून नळीत घालण्यापेक्षा सपाट आणलेले बरे, कारण नळीत रिसोची शाई घासली जाते. एकाच अंकाच्या दहा-दहा प्रती आणू नका. एकेक प्रत वाचायला आणली हे कुणालाही पटतं, दहा असल्या की विक्रीचा माल वाटतो.

इथली एक गंमत. अमेरिकन मिनी म्हणजे लेटर कागद मधोमध दुमडलेला, साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे १४० बाय २१६ मिलिमीटर. आपला ए-५ हा १४८ बाय २१०. रुंदीला बसतं, उंचीला सहा मिलिमीटर वर डोकावतं. म्हणून स्टेशनरीच्या दुकानातल्या ए-५ पिशव्या घेतल्यात तर तोंड बंद होणार नाही. सहा बाय नऊ इंचाच्या घ्या. पॉलिप्रॉपिलीनच्या मागा, पीव्हीसीच्या नको. पीव्हीसीतली रसायनं काही वर्षांनी शाई ओढून घेतात आणि पान पिशवीलाच चिकटतं.

मुंबईत खरा शत्रू पिना आहेत. साध्या लोखंडी पिना दोन-तीन पावसाळ्यांत गंजतात, गंज कागदात उतरतो आणि तपकिरी डाग मग जात नाही. गंज दिसायला लागला की पिना काढून टाका. पिनेची दुमडलेली पाती आतून सपाट टोकाच्या चिमट्याने सरळ करा, मग बाहेरून हळू ओढा. नुसत्या नखाने उपटलं तर भोक फाटतं. मग तीन भोकांची शिवण घाला. पिनेची दोन जुनी भोकं आणि त्यांच्या मधोमध एक नवीन. मेण लावलेला सुती दोरा, कण्याच्या उंचीच्या तिप्पट. आतून मधल्या भोकातून बाहेर या, वरच्या भोकातून आत जा, आतल्या बाजूने मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि परत मधल्या भोकातून आत. दोऱ्याची दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना यायला हवीत, त्या टाक्यावरून गाठ मारा. दोन्ही टोकं एकाच बाजूला आली तर गाठ घसरते आणि शिवण ढिली पडते.

अंक उभे ठेवा, मागे आम्लरहित पुठ्ठा, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर पावसाळ्यात बदला. डांबराच्या गोळ्या कागदाला लागून ठेवू नका. आणि दमट हवेत पिशवीचं तोंड बंद करू नका. कोरड्या दिवशी, नोव्हेंबरनंतर, सगळं बाहेर काढून मग बंद केलेलं चांगलं. आत ओल अडकली की बुरशी पिशवीतच धरते.

रॉकव्हिलकर

तुमच्या मराठी मिनीबद्दल राहिलं. टेबलाशिवाय हॉलमध्ये विकत फिरणं चालत नाही. टेबलासाठी कित्येक महिने आधी अर्ज लागतो, बरीचशी टेबलं सोडतीने जातात आणि पैसे मोजून बसलेल्या माणसासमोर तुम्ही विकत फिरलात तर ते त्याला खुपणारच. शिवाय भेटीच्या व्हिसावर विक्री करणं हा वेगळाच धोका आहे. टेबल घेऊन विकायचं मनात असेल तर ते इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, इथे नको.

बदलाबदली मात्र इथली जुनी रीत आहे. तुमचं मिनी द्यायचं, त्यांचं घ्यायचं. पंधरा-वीस प्रती पुरे. शनिवारी सकाळी विचारू नका, तेव्हा त्यांना टेबलाचे आणि हॉटेलचे पैसे वसूल करायचे असतात. रविवारी चारनंतर विचारा. किंमत साधारण बरोबरीची हवी, सोळा पानी झेरॉक्सच्या बदल्यात वीस डॉलरचा रिसो अंक मागू नये. मराठी न येणाऱ्याला वाचता यावं म्हणून संवादांचं इंग्रजी एका वेगळ्या चिठ्ठीवर छापून आत ठेवा, पान क्रमांक आणि चौकट क्रमांक लिहून. चित्रांवर इंग्रजी चढवू नका, देवनागरी लेटरिंग हेच त्यांना नवीन असेल. मागच्या पानावर ईमेल लिहायला विसरू नका.

निळी_शाई

सोमवारी सुट्टी घेता आली तर आणखी एक जागा आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २०११ पासून एसपीएक्सचा संग्रह आहे, त्यात मिनी आणि इग्नाट्झचं नामांकन मिळालेले अंक आहेत. मॅडिसन इमारत, कॅपिटल साउथ स्टेशन. वाचनकक्षात बसायला रीडर कार्ड लागतं. ते फुकट आहे, सोळा वर्षांवरच्या कुणालाही पासपोर्ट दाखवून मिळतं, परदेशी असलात तरी. अंक कपाटातून स्वतः काढता येत नाहीत, मागवावे लागतात. म्हणून आधी साइटवरच्या 'लायब्रेरियनला विचारा' या सोयीतून काय बघायचंय ते लिहून कळवा, नाहीतर मागवलेलं येईपर्यंत दुपार जाते. पेन आणि बॅग बाहेर ठेवायला सांगू शकतात, पेन्सिल सोबत असू द्या. लेबर डे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो, त्या दिवशी ते बंद असतं. तुमचा सोमवार त्यानंतरचा आहे ना ते बघून घ्या.